पहिले वीस योगवर्ग: नव्या शिक्षकाला आत्मविश्वास कशानं येतो

प्रशिक्षण संपलं, प्रमाणपत्र हातात आलं, आसनं स्वतःला बरी जमतात. तरी समोर दहा जण मॅट अंथरून बसले की घसा कोरडा पडतो. मग आत्मविश्वास वाढवण्याचे उपाय सुरू होतात: आरशासमोर स्वतःला धीर देणं, एखाद्या जाणत्या शिक्षकाची बोलण्याची ढब उचलणं. त्यानं फारसं काही होत नाही.

नव्या शिक्षकाचं डोकं वर्गात तीन कामांत अडकलेलं असतं: पुढचं आसन कोणतं, ते कसं सांगायचं आणि वेळ पुरेल का. ही तिन्ही कामं आधीच कागदावर आणि जिभेवर उतरवून ठेवली की नजर मोकळी होते. समोरचे गुडघे, खांदे, श्वास दिसू लागले की भीती आपोआप मागे पडते, कारण मनाला दुसरं काम मिळालेलं असतं. खालच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. वर्ग ६० मिनिटांचा आणि साधक नवखे किंवा मिश्र, असं धरलं आहे.

जवळ काय असावं:

- सेकंदकाटा असलेलं घड्याळ, तुम्हाला मान न वळवता दिसेल अशा जागी
- तळहाताएवढं कार्ड, त्यावर फक्त आसनांचा क्रम आणि मिनिटं
- प्रत्येक साधकाकडून भरून घेतलेलं एक पानी आरोग्य-माहितीपत्रक
- विटा (हात टेकवायचे योगाचे ठोकळे), पट्टे, घडीच्या चादरी. त्या नसतील तर भिंत आणि खुर्च्या
- आवाज नोंदवायला फोन
- प्रथमोपचाराची पेटी आणि तातडीच्या मदतीचा क्रमांक, लिहून लावलेला
- प्रमाणपत्राची प्रत. शिकवण्याची जागा विमा मागत असेल तर त्याचे कागद

## १. एकच वर्ग बांधा आणि तोच वीस वेळा घ्या

दर वेळी नवा क्रम आणणं ही सुरुवातीची सर्वांत महागात पडणारी हौस. साधक कंटाळतील अशी भीती असते, पण नवख्या साधकाला तेच आसन चौथ्यांदा करताना पहिल्यांदा काहीतरी कळायला लागतं. कंटाळा येतो तो शिक्षकाला.

६० मिनिटं अशी वाटता येतात: स्थिर बसणं आणि श्वासाकडे लक्ष ५, सांध्यांच्या हालचाली ८, सूर्यनमस्कार १०, आसनं २०, प्राणायाम ७, शवासन १०.

आता २० मिनिटांत किती आसनं बसतात ते पाहा. दोन्ही बाजूंनी करायचं आसन घ्या. पहिल्या बाजूला सांगायला ४५ सेकंद, पाच श्वास टिकवायला साधारण ३०, सोडायला १५. दुसऱ्या बाजूला सांगणं २० सेकंदांत होतं, बाकी तेवढंच. वर थोडी विश्रांती. झाली की जवळजवळ ३ मिनिटं. म्हणजे सात आसनं, त्यात काही एकाच स्थितीची असतील तर आठ-नऊ. नवे शिक्षक कागदावर १८ ते २० आसनं लिहून आणतात, अर्ध्यातच वेळ संपतो, मग घाई होते आणि घाईत सूचना चुकतात. भीतीचं मूळ पुष्कळदा या यादीत असतं.

सूर्यनमस्काराचाही हिशेब करा. बारा स्थिती, प्रत्येकीला ५ सेकंद धरले तर एक नमस्कार १ मिनिटाचा. दोन्ही पायांचा मिळून एक जोड २ मिनिटांचा. पहिला जोड सांगत-सांगत ३ मिनिटं घेतो. त्यानंतर तीन जोड आणि मिनिटभर उभं राहून श्वास, इतकंच १० मिनिटांत बसतं.

क्रमाच्या कार्डावर दोन आसनांना खूण करून ठेवा: वेळ कमी पडला तर ही गाळायची. शवासन गाळायच्या यादीत कधीच नसावं. उशीर झाला की नेमकं तेच कापलं जातं आणि साधक धापा टाकत घरी जातात.

## २. सूचना मोठ्यानं म्हणून जिभेवर बसवा

मनात येणारी सूचना आणि तोंडातून निघणारी सूचना यांत फार फरक असतो. म्हणून रिकाम्या खोलीत, उभं राहून, पूर्ण आवाजात प्रत्येक आसन दहा वेळा म्हणा. सुरुवातीला सोबत करून, नंतर स्वतः काहीच न करता.

सूचनेचा सांगाडा साधा आहे: श्वास, अवयव, क्रिया, दिशा. आणि क्रम जमिनीपासून वर: आधी पाय, मग धड, मग हात, शेवटी मान आणि नजर. त्रिकोणासन घेऊन पाहू.

कच्ची सूचना अशी असते: ‘आता आपण काय करणार आहोत, तर आपण त्रिकोणासन करणार आहोत, त्यासाठी आपण आपले पाय थोडेसे फाकवायचे आहेत, आणि मग हळूहळू खाली जायचं आहे, गुडघा वाकवायचा नाही, आणि हात वर.’ यात किती अंतर, कोणता पाय, कुठून वाकायचं, काहीच नाही.

बांधलेली सूचना: ‘पायांत तीन ते साडेतीन फूट अंतर घ्या. उजवं पाऊल पूर्ण बाहेर वळवा, डावं किंचित आत. श्वास घेत दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत. श्वास सोडत धड उजवीकडे लांब न्या आणि जांघेतून वाका. उजवा हात नडगीवर किंवा विटेवर. डावा हात सरळ वर. नजर समोर, मान मोकळी असेल तर वरच्या हाताकडे.’ आणि मग दोन श्वास गप्प राहा. माणसाला ऐकलेलं अंगात उतरवायला तेवढा वेळ लागतो; त्या वेळात तुम्ही बोलत राहिलात तर त्याचं एकही वाक्य पूर्ण होत नाही.

त्या दोन श्वासांत पाहायचं काय, हेही आधी ठरवा. त्रिकोणासनात चार गोष्टी बिघडतात. हात जमिनीला टेकवण्याच्या नादात छाती खाली वळते. सूचना एकच: ‘हात वर घ्या, वीट घ्या.’ पुढचा गुडघा मागच्या बाजूला दाबून कुलूप लागल्यासारखा होतो. ‘गुडघा केसभर सैल, मांडी वर खेचलेली.’ तोच गुडघा आत, अंगठ्याच्या बाजूला कलतो. ‘गुडघ्याची वाटी दुसऱ्या बोटाच्या रेषेत.’ चौथी गोष्ट अडलेला श्वास: जबडा आवळलेला, ओठ दाबलेले. त्या साधकाला काही शिकवू नका, फक्त ‘श्वास सोडा’ म्हणा.

एक सवय आत्तापासून लावा. ‘गुडघा वाकवू नका’ म्हटलं की माणसाचं लक्ष वाकवण्यावर जातं. करायची क्रिया सांगा: ‘टाच जमिनीत दाबा.’ आणि श्वासाचा साधा नियम लक्षात ठेवा: अंग उघडतं, उंचावतं तेव्हा श्वास घेत, वाकतं, पिळतं तेव्हा सोडत. गोंधळ झाला आणि आठवेना, तर ‘श्वास चालू ठेवा’ हे कुठेही चालतं.

## ३. डावं-उजवं एकदाचं मिटवून टाका

समोरासमोर उभं राहून शिकवताना तुम्ही आरसा असता. तोंडानं ‘उजवा हात’ म्हणायचं आणि स्वतःचा डावा उचलायचा. हे बुद्धीनं जमत नाही, सवयीनं जमतं. दररोज १० मिनिटं सूर्यनमस्कार फक्त आरसा म्हणून घ्या. दोन आठवड्यांत हात आपसूक उलटे चालायला लागतात. तोवर पर्याय आहेतच: ‘खिडकीकडचा पाय’, ‘दाराकडचा हात’. खोलीतल्या वस्तू कोणाच्याही उजव्या-डाव्या नसतात.

दुसरी बाजू करायला विसरणं हा याचाच भाऊ. त्यावर एक पक्का नियम ठेवा: प्रत्येक आसन उजवीकडून सुरू. मग डावी बाजू चालू आहे म्हणजे आसन संपत आलंय, एवढं कळायला कार्डही लागत नाही.

चूक झालीच तर ‘डावा पाय’ एवढंच दुरुस्त करून पुढे चला. लांबलचक माफीनं सगळ्यांचा श्वास तुटतो.

## ४. मॅट सोडून चालायला लागा

अख्खा वर्ग स्वतः करून दाखवणं सुरक्षित वाटतं. कारण उघड आहे: डोकं खाली असताना लोकांकडे पाहावं लागत नाही. पण बसून पुढे वाकायच्या पश्चिमोत्तानासनात तुमचा आवाज गुडघ्यांत जातो, तिसऱ्या रांगेत काय चाललंय ते कळत नाही आणि गप्पा मारत ताणलेले स्नायू तुमचेच दुखावतात. दिवसाला दोन-तीन वर्ग असतील तर हे महिन्याभरात जाणवतं.

आसन एकदा, एकाच बाजूला, २० सेकंद दाखवा. मग उठा. कुठे उभं राहायचं हे कार्डावर लिहा: दंडस्थितीतल्या, म्हणजे उभं राहून करायच्या आसनांना साधकांच्या छातीच्या बाजूला, पोटावर झोपून करायच्या आसनांना कुशीच्या बाजूला, पुढे वाकण्यात पाठीची रेषा दिसेल असं बाजूला. पहिल्या पाच वर्गांत फक्त खोलीच्या कडेनं एक फेरी, एवढंच ध्येय ठेवा. सहाव्यापासून रांगांमधून. शवासनात मात्र कोणाच्या डोक्याजवळून चालू नका. पावलांचा आवाज तिथे दुप्पट वाटतो.

पाहायचं मोजमाप पातंजल योगसूत्रांत तयार मिळतं, २.४६ मध्ये: स्थिरसुखमासनम्. मांडी थरथरतेय म्हणजे स्थिर नाही, कपाळावर आठी आहे म्हणजे सुख नाही. दोन्हीपैकी काहीही दिसलं की त्या साधकाला सोपा पर्याय द्या. पर्याय देताना ‘ज्यांना जमत नाही त्यांनी’ असं म्हटलं की कोणी घेत नाही. सगळ्यांना आधी सोपी स्थिती द्या आणि मग म्हणा, ‘इथे श्वास शांत असेल तर पुढे.’ बहुतेक अडचणी या एका वाक्यानं टळतात.

## ५. आवाज, आणि मोजणी

वर्गाआधी एकाला शेवटच्या मॅटवर बसवून नेहमीच्या स्वरात चार वाक्यं बोला. ऐकू येत नसेल तर ओरडू नका, पोटातून श्वास घेऊन वाक्य छोटं करा. वाक्याच्या शेवटी आवाज गळतो, आणि मराठीत क्रियापद नेमकं शेवटी येतं! ‘उजवा हात वर…’ ऐकू आलं आणि ‘न्या’ की ‘ठेवा’ ते हवेत विरलं, असं होतं. क्रियापदावर जोर द्या. ‘योगशिक्षकाचा’ म्हणून एक मधाळ, लांबवलेला स्वर काढायची गरज नाही. तो तासभर टिकवताही येत नाही.

मोजणीत हमखास फसगत होते. घाबरलेल्या माणसाचा श्वास जलद असतो, त्यामुळे तुमचे पाच श्वास पंधरा सेकंदांत संपतात. दुसऱ्या बाजूला तुम्ही बोलत चालता आणि तीच स्थिती ४० सेकंद टिकते. साधकांना कारण कळत नाही, पण डावी बाजू जड गेली हे कळतं. उपाय: सेकंदकाटा, किंवा पुढच्या रांगेतला संथ श्वासाचा एक साधक निवडून त्याच्या बरगड्या पाहून मोजणं.

## ६. आरोग्याची माहिती आधी घ्या

‘कोणाला काही त्रास आहे का?’ असं सगळ्यांसमोर विचारलं की खोली गप्प बसते. रक्तदाब, पाळी, गरोदरपण, शस्त्रक्रिया या गोष्टी कोणी चारचौघांत बोलत नाही. माहितीपत्रक भरून घ्या, आणि वर्गाआधी मॅटजवळ जाऊन हळू विचारा: ‘गेल्या आठवड्यात काही नवीन दुखणं?’ उत्तरं वाचल्यावर काय करायचं, ते निदान इतकं पाठ असावं:

- उच्च रक्तदाब: कुंभक (श्वास रोखून धरणं), जलद कपालभाती, भस्त्रिका (जोरात, भराभर श्वास घेणं-सोडणं) नको, डोकं खाली जाणाऱ्या आसनांत फार वेळ ठेवू नका. वाकून झाल्यावर सावकाश वर येऊ द्या. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना पटकन उठल्यावर चक्कर येऊ शकते.
- काचबिंदू: डोकं खाली आलं की डोळ्यातला दाब वाढतो. शीर्षासन, सर्वांगासन तर नाहीच, अधोमुख श्वानासनही टाळा. भिंतीला हात लावून अर्धं वाकणं द्या.
- मणक्याची चकती सरकलेली: पाय सरळ ठेवून पुढे वाकणं आणि वाकून पिळणं नको.
- हाडं ठिसूळ झालेली: पाठ गोल करून पुढे वाकणं आणि जोर लावून पिळणं नको. पाठ लांब ठेवूनच काम.
- मानेचं दुखणं: सर्वांगासन, हलासन, मान मागे टाकणं नको.
- गुडघेदुखी: वज्रासन, पद्मासनाचा आग्रह नको, मांडीखाली घडी किंवा सरळ खुर्ची.
- हर्निया किंवा पोटाची अलीकडची शस्त्रक्रिया: कपालभाती आणि पोटावर ताण देणारी आसनं नकोत, डॉक्टरांची लेखी परवानगी आल्याशिवाय वर्गच नको.
- गरोदरपण: पोटावर झोपणं, खोल पीळ, कपालभाती, कुंभक नको, पाचव्या महिन्यानंतर पाठीवर फार वेळ झोपवू नका, शवासन कुशीवर. तुमचं त्या विषयाचं वेगळं प्रशिक्षण झालं नसेल तर तज्ज्ञ शिक्षकाकडे पाठवा.

ही यादी पाठ असणं म्हणजे वैद्य होणं नाही. दुखण्याचं नाव ठरवणं, गोळ्या कमी करायला सांगणं, आसनानं आजार जाईल असं आश्वासन देणं, यांतलं काहीच तुमच्या कामात बसत नाही. ‘हे नेमकं काय आहे ते डॉक्टर सांगतील, तोवर हे आसन सोडू या’ हे वाक्य तयार ठेवा. ते म्हणायला आलं की प्रश्नांची निम्मी धास्ती जाते.

वर्ग चालू असताना टोचणारी किंवा चमक निघणारी वेदना, मुंग्या, बधिरपणा, चक्कर यांपैकी काहीही सांगितलं तर लगेच थांबवा. चक्कर आली तर पाठीवर झोपवून पाय उंच करा. छातीत दुखत असेल तर टेकून बसवा आणि मदतीचा क्रमांक लावा. ‘थोडा प्राणायाम करून पाहू’ हा विचारही नको.

## ७. हात लावण्याआधी

आधी शब्द, मग दाखवणं, आणि तरीही गरज असेल तरच स्पर्श, तोही विचारून. सुरुवातीला सगळे डोळे मिटून बसलेले असताना म्हणा, ‘स्पर्शानं दुरुस्ती नको असेल त्यांनी एक हात पोटावर ठेवा.’ कोणाला कोणी पाहत नाही. तरीही प्रत्यक्ष वेळी पुन्हा विचारा. होकार बदलू शकतो.

पश्चिमोत्तानासनात पाठीवर दाबणं आणि बद्धकोनासनात गुडघे खाली ढकलणं, ही दोन कामं कधीच करू नका. पहिल्यानं मांडीच्या मागचा स्नायू बैठकीच्या हाडाजवळ दुखावतो, दुसऱ्यानं जांघ आणि गुडघा. पहिल्या वीस वर्गांत स्पर्शच न केलेला बरा. सूचनेनं काम होत नसेल तर सूचना सुधारायची आहे असं समजा.

## ८. अडलं तर

क्रम विसरलात: सगळ्यांना बालासनात, ताडासनात किंवा मकरासनात (पोटावर झोपून विश्रांती) न्या, पाच श्वास द्या, कार्ड पाहा. साधकांना ती विश्रांतीच वाटते. बालासन गुडघ्यांना जाचतं, म्हणून एक पर्याय उभा असावा.

उत्तर येत नाही: ‘नक्की माहीत नाही, पुढच्या वर्गात सांगेन.’ आणि खरंच सांगा, म्हणून वहीत लिहून ठेवा.

पुढच्या रांगेत तुमच्यापेक्षा सफाईदार आसन करणारा कोणी आहे: चालू द्या. तो शिकवायला आलेला नाही, करायला आलाय. त्याच्याकडे पाहून वर्गाची पातळी वाढवलीत की बाकीचे नऊ जण हरवतात.

कोणी मध्येच उठून गेलं: फोन असेल, पोट असेल. चेहऱ्यावरून तब्येतीचं काही वाटलं तरच मागे जा, आणि जाण्याआधी बाकीच्यांना मकरासनात ठेवा.

## ९. स्वतःचा वर्ग ऐका

साधकांना सांगून, त्यांची हरकत नसेल तर, फक्त आवाज नोंदवा. घरी पहिली दहा मिनिटं ऐका आणि एकाच गोष्टीची मोजदाद करा: ‘आता आपण’ किती वेळा, ‘ठीक आहे’ किती वेळा. पुढच्या वर्गात फक्त तो एक शब्द कमी करायचा. एका दमात पाच दोष काढायला गेलात तर बोलणंच अडखळतं.

वहीत प्रत्येक वर्गानंतर तीन ओळी: कुठे वेळ चुकला, कोणती सूचना कळली नाही, कोणाला कोणता पर्याय दिला. दुसऱ्या ओळीचं उत्तर साधकांना विचारायची गरज नसते. सूचना दिल्यावर माना वर उचलल्या जाऊन लोक शेजाऱ्याकडे पाहू लागले, की ती सूचना कळलेली नाही. किती माना उचलल्या ते मोजा. ‘वर्ग कसा झाला?’ असं विचारलं तर ‘छान’ एवढंच मिळतं. विचारायचंच असेल तर ‘कोणत्या आसनात शेजारी पाहावं लागलं?’ असं विचारा.

सुरुवात दोन-तीन ओळखीच्या माणसांपासून करा, मग पाच-सहा, मग खोली भरून. आणि स्वतःचा सराव वर्गात धरू नका. तो वेगळ्या वेळी, कोणालाही न शिकवता.

## १०. एकविसावा वर्ग

आता क्रमात दोन आसनं बदला, त्याहून जास्त नकोत. ज्यांच्या सूचना दहा-दहा वेळा मोठ्यानं म्हणून झाल्या आहेत तीच घ्या. पहिली पाच मिनिटं आणि शवासन आहे तसंच ठेवा. जुन्या सूचना जिभेवर असल्यामुळे या नव्या दोन आसनांत किती माना उचलल्या जातात ते तुम्हाला सहज दिसेल. आकडा वहीत लिहा आणि पुढचे चार वर्ग हीच दोन ठेवा.